घरजावई दरवाजा

आमच्या सासऱ्यांच्या बोलण्यात दोन वाक्यं ठरलेली आहेत. पहिलं, "आम्ही कुणाचा रुपाया बुडवला नाही." दुसरं, "चाळीस वर्षं गाडी वापरली, एक ओरखडा नाही." पहिल्या वाक्याला साताऱ्यात हवे तेवढे साक्षीदार मिळतील. दुसऱ्याला एकच मिळाला, तो मी, आणि तोही विरुद्ध पक्षाचा.

गाडी म्हणजे १९८४ सालची मरून प्रीमियर पद्मिनी. मामा (आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात) तिला पद्मिनी कधीच म्हणत नाहीत. कंपनीनं चितोडच्या राणीचं नाव दिलं, पण लोकांनी शेवटपर्यंत तिला माहेरच्याच नावानं हाक मारली, फियाट. साचा इटलीतल्या फियाट ११०० चा, पण बांधणी कुर्ल्याची. आणि १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली ती वालचंद हिराचंदांनी, म्हणजे सोलापूरच्या माणसानं. तेव्हा मामांच्या हिशेबात इटलीचा संबंध संपला. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढं एसटीसारखं सलग बाकडं. त्या काळी खिशात पैसे असून गाडी मिळत नसे, आधी नंबर लावावा लागे. मामांनी नंबर लावला तेव्हा माझी बायको पाळण्यात होती आणि गाडी दारात आली तेव्हा बालवाडीत. तोवर मारुतीही बाजारात आली होती, पण मामा म्हणाले, "पत्र्याच्या डब्यात कोण बसतंय?"

तर ही गाडी गेली पाच-सहा वर्षं मामांच्या अंगणात शेवग्याखाली उभी होती. पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं पासिंग दर पाच वर्षांनी करून घ्यावं लागतं, आणि ती तारीख जवळ आली. एका गॅरेजवाल्याला बोलावलं. त्यानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, टायरला लाथ मारली आणि सांगितलं, "डेंटिंग-पेंटिंग, लेबर धरून सत्तर हजार. भंगारात घालायची असंल तर सांगा, आपला माणूस हाय."

मामा दोन दिवस जेवणाच्या ताटावर गप्प. ते बघून मला राहवलं नाही. मी बोलून गेलो, "मामा, पंधरा हजारात करू. घरच्या घरी."

'घरच्या घरी' या दोन शब्दांनी मराठी मध्यमवर्गाचं जेवढं नुकसान केलं तेवढं पेशव्यांच्या कर्जानंही केलं नसेल. घरच्या घरी पनीर, घरच्या घरी पंचकर्म, घरच्या घरी प्लंबिंग. या शब्दांत एक गृहीत धरलेलं असतं की घरातल्या माणसाच्या कष्टाला किंमत नसते. ते खरंही असतं. पण घरातल्या माणसाच्या चुकांना किंमत असते, आणि ती रोख द्यावी लागते.

इंजिनाचं मी पाहिलं नाही. त्यासाठी वस्ताद होते. वस्ताद म्हणजे सत्तरीचे फिटर, हातात कायम दहा-अकराचा पाना, कानामागं विडी. त्यांनी एअर फिल्टरचं झाकण काढलं तर आत उंदरानं संसार थाटलेला. बिऱ्हाड सगळं वर्तमानपत्राच्या कपट्यांचं, आणि एका कपट्यावर राशिभविष्य शाबूत: प्रवासाचे योग. कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा गोंद झाला होता. वस्तादांनी जेट काढले, रॉकेलमध्ये बुडवले, बारीक तारेनं नाही तर तोंडानं फुंकून साफ केले ("तार घातली की भोक मोठं हुतंय, मग ॲव्हरेज गेलं"). पॉइंट घासले, प्लग बदलले, नवी बॅटरी जोडली, चोक ओढला. गाडी तीनदा खोकली आणि चालू झाली. धूर एवढा की शेजारच्या काकूंनी दोरीवरचे कपडे आत नेले. वस्तादांनी दीड हजार घेतले आणि जाताना म्हणाले, "इंजिन काय, माणसासारखं असतंय. पत्र्याचं बघा. पत्रा खोटं बोलतो."

मला तेव्हा वाटलं, म्हातारा उगाच काहीतरी बोलला.

पायाखालचं रबरी मॅटिंग उचललं तेव्हा पहिलं खोटं सापडलं. डाव्या बाजूचा तळाचा पत्रा सडून गेला होता, आणि त्या जागी कुणीतरी शेंगतेलाचा डबा उभा कापून, सपाट करून बसवला होता. 'डबल फिल्टर्ड' ही अक्षरं अजून वाचता येत होती. म्हणजे इतकी वर्षं मामी ज्यावर पाय ठेवून पंढरपूर, तुळजापूर करून आल्या, ते पंधरा किलो तेलाचं रिकामं भांडं होतं. वेल्डरला बोलावून तिथं रीतसर पत्रा मारला. खर्चाच्या वहीत बजेटाबाहेरचा पहिला आकडा पडला: २,८००. बजेटात वेल्डर हा प्राणी नव्हताच.

मग रंग उतरवणं. हे काम पॉलिश पेपरनं करतात आणि त्याच्या नंबराचं गणित शाळेसारखं आहे. मार्क जितके जास्त, पोरगं तितकं गुळगुळीत. ऐंशी नंबर म्हणजे शेवटच्या बाकावरचा दांडगट, तो रंगाची सालं काढतो. मग दोनशेवीस, चारशे, आणि शेवटी सहाशे नंबरचा पाणीपेपर, जो पाण्यात भिजवून हळूहळू फिरवायचा. एप्रिलच्या उन्हात मी ऐंशी नंबर घेऊन बॉनेटवर बसलो. दोन दिवसांत बोटांचे ठसे गेले. बँकेत अंगठ्याचं मशीन मला ओळखेना. तिथल्या मुलीनं विचारलं, "काका, मजुरी करता का?" मी म्हटलं, "सासरी."

तिसऱ्या दिवशी मी डाव्या बाजूच्या मागच्या दरवाज्याशी आलो. पेपर फिरवला. मरून गेला. खाली राखाडी सरफेसर दिसला. तो घासला, तर खाली निळा.

स्वच्छ, आकाशी निळा.

बाकीच्या गाडीवर मरूनखाली मरून होता, त्याखाली प्रायमर आणि मग पत्रा. हा एकच दरवाजा निळा. मी दरवाजा उघडून आतल्या कडेला, बिजागरीच्या फटीत पाहिलं, तिथंही निळा. याचा अर्थ एकच. हा दरवाजा या घरात जन्मलेलाच नव्हता. कुठल्यातरी निळ्या फियाटच्या घरचा, इथं आणून मरून कपडे घालून उभा केलेला. घरजावई. आणि बाहेरचा दरवाजा आणावा लागतो याचा अर्थ, मूळचा दरवाजा दुरुस्तीच्या पलीकडं गेला होता. चाळीस वर्षं. एक ओरखडा नाही.

मी मामींना गाठलं. त्या धान्य निवडत होत्या. "मामी, गाडीचा दरवाजा कधी बदलला होता का?" त्यांनी सुपातला एक खडा काढला, नीट पाहिला, टाकला. "मला काय विचारताय? मी तेव्हा माहेरी होते." तेव्हा म्हणजे कधी, ते मी विचारलंच नव्हतं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आप्पांनी एक ओरखडा नाही असंच म्हटलंय ना? दरवाज्याबद्दल कुठं बोलले?" ही मुलगी वकील व्हायला हवी होती.

तेवढ्यात मामांच्या काठीचा आवाज आला. मी पटकन दोरीवरचं पोतं दरवाज्यावर टाकलं. मामा आले, पोत्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि आत गेले. रोज एकदा तरी म्हणायचे ते वाक्य त्या दिवशी म्हणाले नाहीत. त्या संध्याकाळी रेड ऑक्साइडचा पहिला हात मी त्या दरवाज्याला मारला. घरजावयाचं दुःख घरजावयालाच कळतं असं नाही, साध्या जावयालाही थोडं कळतं.

पुढचा महिना लांबीत गेला. पत्र्यातले खड्डे भरायच्या लुगदीला लांबी का म्हणतात, ते ती वापरल्यावर समजतं. तिच्यानं काम लांबतं. हार्डनर घालायची लांबी असेल तर त्याचं प्रमाण डोळ्यांनी साधायचं असतं. मी पहिल्यांदा सढळ हातानं घातला, पुरणात जायफळ घालावं तसा. खड्ड्याजवळ जाईपर्यंत पट्टीवरच दगड झाला, त्यात माझी पत्ती उभी. ती पत्ती अजून तशीच आहे, मामींनी तिचं दाराला अडकण केलंय. पुन्हा कालवली, भरली, वाळली, घासली. माझ्या डोळ्यांना सपाट दिसली. वस्ताद सहज आले होते, त्यांनी डोळे मिटले, तळव्याखाली पातळ फडकं घेतलं आणि लांबवर हात फिरवला. एका जागी थांबले. "हितं टेकाड हाय." मी हात फिरवला, मला काही लागेना. "डोळं झाका की," ते म्हणाले. डोळे झाकल्यावर मला अजिंक्यतारा लागला.

हरवलेलं काचेचं हँडल आणि एक व्हीलकॅप साताऱ्यात मिळेना, म्हणून पुण्याला नाना पेठेत गेलो, तिथून बुधवारच्या जुन्या बाजारात. फियाटच्या पार्टसाठी लाल एसटीतून उभ्यानं खंबाटकी ओलांडताना माणूस जरा अंतर्मुख होतो. बाजारात एका पोत्यावर नळाच्या तोट्या, ग्रामोफोनचा कर्णा आणि फियाटचं हँडल शेजारीशेजारी बसलेलं. विक्रेता म्हणाला, "ओरिजिनल हाय. आता कंपनी बंद, मुंबईची शेवटची टॅक्सी पण २०२३ ला गेली. ह्ये अँटिक झालं." हँडलचे चारशे मागितले. दोनशे म्हटलं तर त्यानं ते परत पोत्यावर इतक्या मायेनं ठेवलं की मी साडेतीनशे दिले.

या सगळ्यात जून उजाडला. साताऱ्यात जून उजाडणं म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, ते आत्ताच हसले असतील.

रंग मारायचं ठरलं त्याच दिवशी आभाळ आलं. पासिंगची तारीख तोंडावर, कॉम्प्रेसर आठशे रुपये रोजानं आणलेला, परत कसा पाठवणार? शेवग्याची पानं ओल्या रंगावर पडू नयेत म्हणून मामींच्या दोन नऊवारींचा तंबू ठोकला. धूळ उडू नये म्हणून अंगणात सडा घातला. कोरोनातले मास्क एकावर एक असे तीन चढवले, स्वयंपाकघरातला गॅस सिलिंडरपासून बंद करायला लावला, आणि गन हातात घेतली. गन पत्र्यापासून वीतभर धरायची आणि हात मनगटातून नाही तर खांद्यातून हलवायचा. जवळ गेली की ओघळ येतात, लांब गेली की रंग वाटेतच वाळून रवा होतो. पहिला हात असा काही बसला की मला वाटलं, आपण उगाच नोकरीत आयुष्य घालवलं. मरून, ओला, आरशासारखा. त्यात माझा चेहरा दिसत होता, तीन मास्कांसकट.

दहा मिनिटांत चेहरा दिसेनासा झाला. रंगावर पांढरट झाक चढत गेली. बीटाच्या कोशिंबिरीत दही कालवावं तशी अख्खी गाडी गुलाबी होऊ लागली. मामी दारातून म्हणाल्या, "छान दिसतोय हो हा रंग." वस्तादांना फोन केला. ते आले, आभाळाकडं पाहिलं, सड्याकडं पाहिलं. "पाणी कुणी मारलं?" एनसी रंगातला थिनर भराभर उडतो, उडताना पत्रा गार करतो, आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगात जाऊन बसतं. आधीच पावसाळी हवा, त्यात मी अंगण शिंपून घरचं बाष्प पुरवलेलं. त्यांनी सावकाश उडणारा थिनर, रिटार्डर, आणायला लावला, दुपारी ऊन पडल्यावर त्याचा एक पातळ हात मारला, आणि दही हळूहळू कोशिंबिरीतून निघून गेलं. आरसी बुकात रंग मरून लिहिलाय. गुलाबी गाडी घेऊन आरटीओत उभं राहायची वेळ थोडक्यात टळली.

वहीचं शेवटचं पान: २९,३५०. त्यात सर्वांत मोठी रक्कम 'किरकोळ' या सदराखाली आहे, ७,२००. किरकोळमध्ये काय आहे ते बायकोनं दोनदा विचारलं. मी तेव्हा माहेरी होतो.

गाडी मात्र झाली. पॉलिश मारल्यावर शेवग्याच्या फांद्या बॉनेटमध्ये दिसायला लागल्या. एक चिलट डिकीवर कायमचं रंगात बसलंय, त्याला आम्ही आता नक्षी समजतो. पासिंगच्या आदल्या संध्याकाळी मामा देवळात गेले होते, तेव्हा म्हटलं, गाडी अंगणातून रस्त्यावर काढून ठेवू. मामांच्या गेटचा एक खांब पूर्वीपासूनच कोपरा उडालेला आहे. उसाच्या ट्रॅक्टरनं उडवला, असं ते सांगतात. दांड्यावरचा गिअर, तोही रिव्हर्स, मी आयुष्यात तिसऱ्यांदा टाकत होतो. आरशात शेवगा दिसत होता, रस्ता दिसत होता, खांब दिसत नव्हता. मग तो ऐकू आला.

डाव्या बाजूचा मागचा दरवाजा.

रात्री अकरा वाजता टॉर्च तोंडात धरून मी लांबी कालवत होतो. हार्डनर यावेळी नेमका पडला, माणूस शिकतो. खड्डा वीतभर होता, भरला. पहाटे चारला सहाशे नंबर, पाचला उरलेला मरून. सकाळी सातला उन्हात पाहिलं तर मलाच जागा सापडेना. डोळे झाकून हात फिरवला, टेकाड नाही. वस्ताद असते तर पाठ थोपटली असती.

आठ वाजता मामा बाहेर आले. एका हातात चहाची बशी, दुसऱ्या हातात फ्रिजवरची महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, ती चुंबक लावलेली. त्यांनी काही न बोलता स्ट्रॉबेरी पुढच्या दरवाज्यावर ठेवली. चिकटली. मागच्या दरवाज्यावर, वरच्या बाजूला ठेवली. चिकटली. मग बोटानं हळूहळू खाली ओढत आणली. वीतभर आली आणि घसरून टपकन फरशीवर पडली.

मामांनी वाकून ती उचलली, धोतराला पुसली. खांबाकडं पाहिलं. चहाचा एक घोट घेतला.

"खांब तिथंच आहे जावईबापू, एक्क्याण्णव सालीही तिथंच होता," ते म्हणाले. "पण आम्ही असली लांबी-बिंबी भरत बसलो नाही. सरळ दरवाजा बदलला."