सव्वा रुपयाचा प्रश्न

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या कुठल्याही व्यापाऱ्याला सांगून बघा, की एक रुपया अकरा पैसे खर्चून एक वस्तू करायची, ती एक रुपयाला द्यायची आणि हा धंदा वर्षानुवर्षं चालवायचा. तो आधी तुमच्याकडं नीट बघेल, मग तुमच्या घरी फोन लावेल. मुंबईच्या टाकसाळीनं मात्र हाच धंदा केला. 2018 साली माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरात रुपयाचं नाणं पाडायचा खर्च एक रुपया अकरा पैसे निघाला. दोनाचं नाणं एक रुपया अठ्ठावीस पैशांत होत होतं, पाचाचं तीन रुपये एकोणसत्तर पैशांत, दहाचं साडेपाचच्या आसपास. थोरली भावंडं कमावती आणि धाकटं तेवढं बसून खाणारं, असा हा संसार. त्यातही गंमत अशी, की ते वरचे अकरा पैसे खुद्द सरकारलाही रोखीनं चुकते करता येणार नाहीत. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी 30 जून 2011 पासून चलनातून बाद झाली आहेत.

पन्नास पैसे वाचले. कायद्यानं ते आजही चालतात, पण दहा रुपयांपर्यंतच. म्हणजे वीस नाण्यांच्या वर देऊ लागलात तर समोरचा नको म्हणू शकतो. महाद्वार रोडवर तो पहिल्याच नाण्याला नको म्हणतो, एवढाच कायद्यात आणि बाजारात फरक.

नाण्याची बाजू घेणारे म्हणतात, की खर्च एकदाच होतो, नाणं मात्र हजारो हातांतून फिरतं. खरं आहे, पण फिरलं तर. आमच्याकडं रुपयाला फिरण्यापेक्षा बसायची आवड जास्त. तो देव्हाऱ्यातल्या डब्यात बसतो, गाडीच्या डिकीत बसतो, अंबाबाईच्या दानपेटीत जाऊन बसतो. पेट्या उघडल्या की नोटांची मोजदाद पुढं सरकते आणि नाण्यांचे ढीग तसेच मागं राहतात. शिवाजी पुलावरून एसटी जाताना एखादा हात खिडकीतून बाहेर येतो आणि रुपया पंचगंगेत जातो. पूर्वी निदान तांबं जायचं, आता स्टेनलेस स्टील जातं. नदीला त्याचा काय उपयोग, ते तिचं तिला ठाऊक.

त्याच नदीकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातली नाणी सापडली आहेत. विळिवायकुर, शिवलकुर अशा राजांची, धनुष्यबाणाची खूण असलेली आणि चक्क शिशाची. सोन्याचांदीचं सोडाच, तांब्याचाही हट्ट नाही. रोजच्या बाजाराला लागणारं हलकं नाणं कसं स्वस्तात पाडावं, हा विचार तेव्हाही कुणी तरी केलाच असणार. शिवाय नवा राजा आला की त्यानं आधीच्याच नाण्यावर आपला छाप मारायचा. तशी दुहेरी छापाची नाणीही मिळाली आहेत. पुढं शिवछत्रपतींनी सोन्याचा होन पाडला, त्याचं कौतुक सगळे करतात. पण रयतेच्या हातात रोज खेळली ती तांब्याची शिवराई. राज्य गेलं, पेशवाई गेली, इंग्रज आले, तरी एकोणिसाव्या शतकापर्यंत ती बाजारात होती. मोठं नाणं राजाच्या थाटासाठी आणि छोटं नाणं भाजीसाठी, ही वाटणी जुनी आहे.

आजची भाजी घ्यायला कपिलतीर्थ मंडईत जावं. कोथिंबीर घेऊन बसलेली मावशी गोणपाटाचा कोपरा उचलते, खालची चिल्लर बोटानं चाचपते आणि न बघता नेमके तीन रुपये काढून हातावर ठेवते. "मोजून घ्या हो," वर हेही. तिनं दिलेले तीन रुपये मोजायची कुणाची हिंमत होत नाही, पण ती सांगते. तिथून निघून एखाद्या गारेगार, चकचकीत दुकानात जावं. तिथं प्रत्येक वस्तू नव्व्याण्णव रुपयांना असते. शंभराची नोट दिली की काउंटरवरचा मुलगा गोड आवाजात विचारतो, "सर, एक रुपया सुट्टा नाही, चालेल का?" आपण "चालेल" म्हणून मोकळे होतो. न म्हणून करता काय? चहाच्या बिलासाठी एकमेकांचे हात धरून ओढणारं हे गाव. "मी देतो की राव!" म्हणून दुसऱ्याचं पाकीट त्याच्याच खिशात कोंबणारा माणूस रुपयासाठी हात पसरणार कसा?

पण नीट बघितलं तर चहाचं बिल आणि काउंटरवरचा रुपया, या दोन्हींत फरक आहे. "राहू दे" म्हणायला आधी समोरच्यानं तो रुपया पुढं करायला हवा. त्यानं दिला, मी सोडला, तर ते माझं मोठं मन. त्यानं दिलाच नाही, तर मी सोडलं काय? माझ्या मते हलक्या नाण्याची खरी किंमत इथं आहे. काटेकोर राहायचं की सढळ व्हायचं, हे ज्याचं त्याला ठरवता येतं ते खिशात सुट्टे असतात म्हणून. नाणं गेलं की हिशेबही दुकानदार करतो आणि औदार्यही आपल्या वतीनं तोच दाखवतो.

एसटीनं जानेवारी 2025 मध्ये भाडं जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढवलं, तेव्हा सुट्टे नसले की काय होतं, हे गावोगावच्या बसमध्ये दिसलं. वाहक म्हणे सुट्टे द्या, प्रवासी म्हणे तुम्हीच द्या. शेवटी मोबाईलवरून पैसे भरा, असं मंत्र्यांना सांगावं लागलं. उपाय वाईट नाही. पैशाला आता नाण्याची गरज उरली नाही, हे आमच्या जिल्ह्यातल्या दूधवाल्यांना केव्हाच कळलंय. गावच्या संस्थेत फॅट लागतं, लिटरचा दर पैशापर्यंत निघतो आणि बिल थेट खात्यावर जातं. तिथं पैसा अजून धडधाकट आहे, फक्त त्याला वाजता येत नाही.

अडचण सगळ्यांत जास्त झाली ती देवाधर्माची. सत्यनारायणाला सगळं सव्वाच्या मापानं लागतं. सव्वा किलो रवा काट्यावर मिळतो, पण सव्वा रुपया आणायचा कुठून? आमच्या शेजारच्या काकूंनी एक पावली करंड्यात जपून ठेवली आहे. पूजेला ती रुपयाच्या शेजारी मांडतात. आरती झाली की गुरुजी दक्षिणेचं पाकीट आणि रुपया घेतात, पावली मात्र परत देतात. "ठेवा पुढच्या वर्षाला." यंदा नातवानं शक्कल लढवली. गुरुजींचा क्यूआर कोड मागितला आणि मोबाईलवरून बरोबर एक रुपया पंचवीस पैसे पाठवले. सरकारनं हातातून काढून घेतलेला सव्वा रुपया तारेवरून परत आला. गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवून रक्कम वाचली आणि म्हणाले, "देवाचं पोचलं. आता माझं बघा."

आहेराच्या पाकिटाचंही तेच. शंभर कुणी देत नाही, एकशे एक देतात. तो वरचा रुपया कुणी मागितलेला नसतो, हिशेबात बसत नसतो, म्हणूनच त्याला मान. पाकिटांवर तो आधीच चिकटवून येतो, तेव्हा त्या पाकिटात सगळ्यांत पक्कं काय असेल तर तोच.

जगात इतरांनी हे दुकान आवरतं घेतलं आहे. अमेरिकेत एका सेंटचं नाणं पाडायला जवळजवळ पावणेचार सेंट लागू लागले आणि नोव्हेंबर 2025 मध्ये फिलाडेल्फियाच्या टाकसाळीनं शेवटचं पाडलं. कॅनडानं 2013 सालीच वाटप थांबवलं. पण तिथं रोखीचं बिल पाच सेंटांच्या पटीत करताना एक-दोन सेंट वर असतील तर गिऱ्हाइकाला सूट आणि तीन-चार असतील तर दुकानदाराचा फायदा, असा दोन्हीकडून न्याय आहे. आपल्याकडं बेरीज गोल होते ती कायम गल्ल्याच्या बाजूनं.

तेव्हा रुपया पाडणं बंद करायचं तर जरूर करावं. आधी गोल करण्याचा नियम दोन्ही बाजूंना सारखा करावा, आणि तो मावशीच्या गोणपाटापासून चकचकीत काउंटरपर्यंत पाळला जाईल असं बघावं. तोवर डब्यातले, डिकीतले रुपये आपण बाहेर काढावेत आणि कमी पडतील तेवढे टाकसाळीनं पाडत राहावं. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच बसतं, न्याय अगदी दारात आला आहे. तरी एका रुपयाच्या सुट्ट्यासाठी कुणी तिथवर जाणार नाही. काउंटरवर तिथल्या तिथं अकरा पैशांत निकाल लागत असेल, तर तेवढा तोटा सरकारनं खुशाल सोसावा. एवढ्या फीमध्ये भाऊसिंगजी रोडवरचा वकील वर मान करूनसुद्धा बघायचा नाही.