निसर्गात असंच असतं

गोड्या पाण्यातले मासे पाळणारा माणूस पाहुण्यांना मासे दाखवतो. खाऱ्या पाण्याची टाकी बाळगणारा दगड दाखवतो. आमच्या दर्यासारंगांनी (नाव सोसायटीनं ठेवलेलं) डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर समुद्र भरला आणि पहिले दोन महिने आम्हाला चहाला बोलावून नुसते दगडच दाखवले. ‘‘सायकल चाललीय. जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, मग त्याचं नायट्रेट. तोवर मासा सोडणं म्हणजे खून. निसर्गात असंच असतं.’’

पुढे काचेवर तपकिरी थर चढला. निसर्गात असंच असतं. तो खायला गोगलगायी आल्या. एकीला खेकड्यानं मारून तिच्याच शंखात बिऱ्हाड थाटलं. ‘‘निसर्गात...’’ ‘‘असंच असतं!’’ आम्ही कोरसमध्ये.

हा निसर्ग विजेवर चालतो, हे मात्र बोलायची सोय नाही. मीठ पाकिटातलं, लिटरला ३५ ग्रॅम, काट्यावर तोलून. लाटा पंपाच्या, ऊन निळ्या एलईडीचं, आणि मे महिन्यात पाणी २६ अंशांवर ठेवायला चिलर. दिवे गेले की इन्व्हर्टर टाकीला आणि वहिनींच्या हाती वर्तमानपत्राची घडी.

‘‘अहो, निसर्गात दिवे जातात का?’’

‘‘जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ सालीच लिहून ठेवलंय, जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालते.’’

‘‘मग बुडबुडेच सोडा आणि माझा पंखा लावा.’’

अखेर क्लाउनफिशची जोडी आली. मोठी ती मादी, लहान तो नर. मादी गेली तर नरच मादी होतो आणि संसार पुढे चालवतो. वहिनी म्हणाल्या, ‘‘आणि तुम्हाला साधा कुकर लावता येत नाही.’’

परवा मी तिथे असताना एक पोरगा आला. ओल्या फडक्यात प्रवाळाचा तुकडा, थेट समुद्रातून फोडलेला, निम्म्या भावात. ‘‘एकदम नॅचरल, काका.’’

गोगलगायीसाठी कुर्ल्याच्या बाजारात तासभर घासाघीस करणारा हा माणूस. आता पाकीट निघणार, म्हणून मी बघत राहिलो. निघाला तो आवाज. २००१ पासून प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला! उद्या बछडा आणशील? तेवढा बोटभर वाढायला किती वर्षं लागतात, ठाऊक आहे? माणूस तासन् तास डोकं खातो, पण त्या दिवशी मला त्याचं एकही वाक्य जास्त वाटलं नाही.

पोरगा शांतपणे फडकं गुंडाळत म्हणाला, ‘‘काका, तुम्ही नाही तर दुसरं कुणी घेईल. बाजारात असंच असतं.’’

दर्यासारंगांनी माझ्याकडे पाहिलं. मग निवलेला चहा गरम करायला स्वतः उठले. गॅस वहिनींनी पेटवून दिला.