बिनदेखभालीचं अंगण

१९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महापालिका झाली. नावात कुपवाड शेवटी आलं ते आजतागायत शेवटीच आहे. सांगलीकडे कृष्णा, गणपती आणि हळद. मिरजेकडे दवाखाने, सतारी आणि रेल्वेचं जंक्शन. आमच्याकडे एमआयडीसी. नदी नाही, घाट नाही. पाहुण्यांना खिलवायचं भडंगसुद्धा सांगलीचं म्हणून आणावं लागतं. त्यामुळे कुपवाडच्या माणसाला शोभा करायची झाली तर ती स्वतःच्या फाटकाच्या आतच करावी लागते. सामानाला मात्र तोटा नाही. इथे प्रत्येकाच्या ओळखीत एक फॅब्रिकेशनवाला असतोच, आणि त्याच्याकडे कायम काहीतरी उरलेलं असतं.

आमचं अंगण दोन खाटा टाकल्या की संपतं. तेवढ्यात आज पेव्हर ब्लॉक, कडेनं शहाबादी फरशी, सागवानी झोपाळा, त्याच्यावर लाकडी मांडव आणि रेल्वेच्या जुन्या स्लीपरचा एक बाक नांदतो आहे. मांडवाला आमचे दाजी ‘परगोला’ म्हणतात. फाटकातून आत येणाऱ्याला तिरकं व्हावं लागतं, पण आत आलं की ‘वा’ म्हणावं लागतं. हे सगळं झालं ते दाजींच्या एका वाक्यापायी: “एकदा करून टाका, मग परत बघायला नको.” जावयाचं वाक्य खोडायची आमच्या घरात पद्धत नाही.

आधी अंगण मातीचं होतं. आई रोज पहाटे सडा घालायची, सणावाराला सारवायची, उन्हाळ्यात मुरूम पसरून धुमसानं चोपून घ्यायची. याला कुणी देखभाल म्हणत नव्हतं. ते बाईमाणसाचं काम होतं, आणि म्हणूनच ते कुणी मोजलं नाही. पेव्हर आले आणि अंगण पुरुषांच्या ताब्यात गेलं. त्याबरोबर कामाला मेंटेनन्स हे नाव मिळालं, त्याचं बजेट निघालं, सल्लागार नेमले गेले आणि एक व्हॉट्सॲप ग्रुपही झाला. आई त्या ग्रुपात नाही.

पेव्हर ब्लॉकबद्दल एक गैरसमज असा, की तो सिमेंटचा असल्यामुळे पक्का असतो. एकेक ब्लॉक पक्का असतो, हे खरं. पण त्यांना एकमेकांशी बांधून ठेवते ती फटींतली बारीक रेती, आणि त्यांना सपाट ठेवतो तो खालचा दाबून बसवलेला मुरूम आणि खडी. आमच्या ठेकेदारानं मुरुमाचा थर पातळ घातला, कारण मुरूम जमिनीखाली जातो आणि जमिनीखालचं गिऱ्हाईक बघत नाही. त्याच्याखाली आमची काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. हिला पेव्हरचं काय कौतुक? दोन पावसाळ्यांत फाटकाजवळचे ब्लॉक वर आले, पायरीजवळचे खाली गेले आणि मध्ये पाणी साचायला लागलं. दाजी म्हणाले, “वॉटर बॉडी झाली.”

मग फटींतून हरळी आली. ती उपटायला बसलो तर आई दारातून ओरडली, “हात लावू नगंस. दूर्वा हायत त्या. चतुर्थीला सांगलीच्या गणपतीला घरच्या दूर्वा न्यायच्या.” तेव्हा आमच्याकडे हरळीला भाद्रपदापर्यंत अभय असतं. तोपर्यंत तिची मुळं फटीतून आडवी धावत चार ब्लॉक पलीकडे गेलेली असतात. गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी मिळते आणि बाकीचं रान आमच्या वाट्याला राहतं.

शेजारच्या काकांना हे बघवेना. त्यांनी गाड्या धुण्याच्या सेंटरवरून जोरात पाणी मारायचं मशीन आणलं. मशीन बघून गल्ली जमली. काकांनी बंदूक धरावी तशी नळी धरली आणि अंगणावर चाल केली. मळ गेला, हरळीचे शेंडे गेले आणि त्यांच्यामागोमाग फटींतली सगळी रेतीही गटारीकडे चालती झाली. संध्याकाळी अंगण नवंकोरं दिसत होतं, फक्त म्हाताऱ्याच्या दातांसारखे ब्लॉक हलत होते. तेवढ्यानं काकांचा उत्साह ओसरला नाही. तेच पाणी त्यांनी झोपाळ्यावर मारलं. मशीनच्या जोरानं लाकडाचा मऊ भाग उडतो आणि कडक रेषा वर राहतात. सागवानाला काटा आल्यासारखं झालं. झोपाळ्यावर बसणाऱ्यालाही आला.

खरं प्रकरण शेवाळाचं. कुपवाडला पाऊस काही कोयनेसारखा कोसळत नाही. पण पाण्याच्या टाकीखालचा कोपरा बारमाही ओला, आणि नेमकी तिथंच शहाबादी फरशी. एक पाहुणे तिथं घसरले आणि त्यांनी मुलगी दाखवायचा कार्यक्रम पुढे ढकलला. मग मावशी ॲसिडची बाटली घेऊन आली. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. त्याच्यावर ॲसिड पडलं की दगडच फसफसून विरघळतो. मावशीला तो फेस मळ निघाल्याचा पुरावा वाटला आणि तिनं आणखी ओतलं. फरशीची तुकतुकी गेली, वरचा थर खरबरीत झाला, आणि खरबरीत जागी शेवाळ जास्त घट्ट धरतं. काळ्या पाषाणावर हा प्रकार सहसा होत नाही, पण काळा पाषाण घडवून घ्यायला पैसे पडतात.

ॲसिडनं भागलं नाही तेव्हा मावशीनं टीसीएलची पावडर काढली. गावाकडे विहिरीत टाकतात तीच. ओल्या ॲसिडवर ती पडणार, इतक्यात बारावी सायन्सचा आमचा पुतण्या पायरीवरून उडी मारून आला. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मनांनी बेल्जियममध्ये ईप्रजवळ शत्रूच्या खंदकांवर सोडला तोच. मावशीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग जर्मनाकडं शेवाळ राह्यलं न्हाई व्हय?”

पुतण्यानं तिला दुसरा इतिहास सांगितला. जपानात क्योतोला साइहो-जी नावाचं देऊळ आहे. तिथल्या बागेत शंभरावर प्रकारचं शेवाळ जपलं आहे, जग ते बघायला येतं, आणि १९७७ पासून आगाऊ अर्ज केल्याशिवाय आत सोडत नाहीत. हे ऐकून दाजींनी आमच्या टाकीखालच्या कोपऱ्याकडे एकदम आदरानं पाहिलं. त्यांना कसंबसं आवरावं लागलं.

शेवटी सांगलीचे मामा आले. या बाबतीत मी मामांसारखा जाणकार पाहिलेला नाही, आणि त्यांचं शिक्षण फुकट झालेलं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा सत्तावन्न फुटांच्या वर गेली; धोक्याची पातळी तिथं पंचेचाळीस. मामांचं घर पाण्यात आणि मामांचं बिऱ्हाड उंचावरच्या कुपवाडात, आमच्याकडे. नावात शेवटी असल्याचा तेव्हा पहिल्यांदा अभिमान वाटला. पाणी उतरल्यावर मामांनी जे केलं ते कुठल्याही पुस्तकात सापडलं नसतं. गाळ ओला असतानाच फावड्यानं काढायचा, वाळला की तो दगड होतो. सागवानी दारं, पाट, पलंग धुऊन सावलीतच वाळवायचे, उन्हात टाकले की पीळ धरतात आणि तडकतात. घाई करणाऱ्यांच्या चौकटींत पुढं दारं बसली नाहीत.

मामांनी आमचं अंगण एक चक्कर मारून पाहिलं. खराटा मागितला. मग वर टाकीकडे बघितलं आणि म्हणाले, “फरशीला काय करत बसलाईसा? टाकीचा बॉल खराब झालाय. रोज टाकी भरून वाहती, शेवाळ यायचं न्हाई तर काय येईल?” प्लंबर येऊन बॉल बदलून गेला. मामांनी खराट्यानं कोपरा घासला, पाणी मारलं, आणि तो आजपर्यंत कोरडा आहे. ग्रुपवर या उपायाची कुणी दखल घेतली नाही, कारण त्यात कुठलंही मशीन नव्हतं.

लाकडाचं तंत्र मात्र मामांनाही पूर्ण जमलं नाही, कारण तिथं घराण्याची इज्जत आडवी आली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा दाजींच्या मनात आलं की झोपाळ्यालाही सतारीसारखं लाखेचं पॉलिश हवं. झालंही सुंदर. पण लाखेचं पॉलिश घरातल्या वस्तूचं. पाणी लागलं की ते दुधासारखं पांढरं पडतं. मृगाच्या पहिल्या सरीत झोपाळा पांढरा पडला. तो सगळा खरवडून आता आम्ही अळशीचं तेल लावतो. उन्हापावसात उघड्यावरच्या लाकडाला ते पातळ हातानं, लाकूड पिईल तेवढंच द्यायचं. आणि तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात टाकायचे नाहीत. ते तेल हवेशी मिळून स्वतःच तापतं आणि बोळे आपोआप पेट घेतात. आमच्याकडे ते दोरीवर पसरून वाळवतात. येणाऱ्यांना वाटतं, घरात तान्हं मूल आहे.

परगोल्याचे खांब थेट जमिनीत पुरले होते, तिथं वाळवीनं गृहप्रवेश केला. एमआयडीसीतल्या मित्रानं बुडखे कापून खांबांना लोखंडी बूट बसवले आणि ते जमिनीपासून वीतभर उचलले. कुपवाडचं कुपवाडपण इथं कामी आलं.

राहिला स्लीपरचा बाक. मिरज जंक्शनात एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज होते, तेव्हा या भागात जुन्या स्लीपरांना काय कमी! लाकूड कुजू नये म्हणून त्यांना कोळशाच्या डांबरातून काढलेलं क्रिओसोट पाजलेलं असतं. वाळवी त्याला शिवत नाही. माणसानंही शिवू नये, कारण ते कातडीला आणि फुफ्फुसाला चांगलं नाही. मे महिन्यात ते बाकातून पाझरतं. त्यावर बसलेल्या पाहुण्यांच्या विजारी आम्ही भरून दिल्या आहेत. तो रंगवता येत नाही, रंग धरत नाही. जाळायचा तर धूर विषारी.

तेव्हा वाचकांना विनंती. रोपवाटिकेच्या कुंपणाला, शेताच्या बांधाला, जिथं कुणी बसणार नाही अशा कुठल्याही कामाला हा बाक हवा असेल तर तो फुकट आहे. उचलायला चार माणसं आपली आणावीत, आणि येताना पांढरे कपडे घालू नयेत. दाजी घरी नसतील तेव्हा या.