उजवा जरा हळू वाजतो

इअरबड्स वापरणाऱ्या प्रत्येक घरात कधी ना कधी एक तक्रार निघते: उजवा जरा हळू वाजतो. कुणाचा डावा असतो, पण रडगाणं तेच. मग तपास सुरू होतो. पहिला संशय ब्लूटूथवर, दुसरा फोनवर, तिसरा रात्री गुपचूप येऊन गेलेल्या अपडेटवर. एकच गाणं पुन्हा पुन्हा लावून, मान एकदा इकडे आणि एकदा तिकडे कलती करून पाहिलं जातं. घरातला जाणता माणूस तोवर वॉरंटीचं बिल शोधायला लागलेला असतो. संशयितांच्या एवढ्या रांगेत स्वतःचा कान मात्र कुणालाही दिसत नाही. तो आपला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात निमूट उभा असतो.

शेवटी कुणीतरी मोबाइलचा टॉर्च लावून नीट बघतं. सिलिकॉनची टोपी ओढली की बारीक ‘फट्’ होतं आणि मागे मसुरीच्या डाळीएवढी जाळी दिसते. नवी होती तेव्हा ती रुपेरी होती. आता तिच्यावर मधाच्या रंगाचा पापुद्रा धरलेला, त्यात रुतलेला एखादा लोकरीचा तंतू, कडेला पावडरचा कण. किशोरीताईंचा भूप कालपर्यंत याच भोकांतून गाळून आपल्यापर्यंत येत होता, हे खरं वाटत नाही.

याला मळ म्हणून नाक मुरडणं तसं अन्यायाचंच. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. तिच्या बाहेरच्या भागातल्या ग्रंथी थोडा तेलकट, थोडा मेणचट स्राव सोडतात, त्यात झडलेली त्वचा मिसळते, आणि असा हा पदार्थ धुळीला, पाण्याला, जंतूंना आणि चुकून आत शिरू पाहणाऱ्या किड्यांना दारातच अडवतो. गंमत म्हणजे त्याला बाहेर काढण्याची सोयही कानानंच केलेली असते. पडद्यापासची त्वचा अगदी हळूहळू, नखं वाढतात साधारण त्याच गतीनं, बाहेर सरकत राहते आणि चावताना, बोलताना हलणारा जबडा तिला हातभार लावतो. त्या हिशेबानं आमच्या सोसायटीतल्या काही मंडळींचे कान लखलखीतच असले पाहिजेत. लक्ष्मी रोडवरच्या विसर्जन मिरवणुकीलाही घाई झालेली वाटावी इतकी ही संथ यात्रा. आणि तिच्या वाटेत ऐन दारात आपण सकाळ-संध्याकाळ एक रबरी बूच बसवून आत गाणी सोडतो. यात्रेनं जायचं कुठे? ती जाळीवर मुक्काम करते.

शिवाय या मुक्कामात घराण्याची ओळखही असते. मळ ओला असणार की सुका, हे एबीसीसी११ नावाच्या जनुकातल्या एकाच अक्षराच्या फरकावर ठरतं, असं २००६ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिलं. पूर्व आशियात बहुतेकांचा सुका, भुसभुशीत. युरोप-आफ्रिकेत चिकट, ओला. आपल्याकडे दोन्ही सापडतात. आमच्या घराण्याचा जाडजूड कुलवृत्तान्त कपाटात वरच्या फळीवर आहे. त्यात गोत्र आहे, मूळ गाव आहे, कोण कुठल्या साली भांडून बडोद्याला गेला तेही आहे. पण ही नोंद नाही. ती टॉर्चच्या उजेडातच वाचावी लागते.

साफ करायला बसलं की बायकांचा हात सवयीनं बांगडीतल्या सेफ्टी पिनेकडे जातो. गॅसच्या बर्नरची भोकं, पायात मोडलेला काटा, ऐन लग्नघरी तुटलेला चपलेचा अंगठा, सगळं त्या पिनेनं निभावलेलं. मग ही जाळी ती काय! पण इथे पिन म्हणजे थेट घात. ती मळ बाहेर काढत नाही, आत ढकलते, आणि जाळी फाटली की सगळंच संपलं. पाणीही नको. खोक्यावर आयपीएक्स४ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ शिंतोडे चालतील एवढाच, अभ्यंगस्नान नव्हे. बडचं तोंड जमिनीकडे धरायचं, म्हणजे सुटलेला कण आत न जाता खाली पडतो, आणि कोरड्या मऊ ब्रशानं हलकेच झाडायचं. टोप्या तेवढ्या काढून साध्या पाण्यानं धुवायच्या आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत चढवायच्या नाहीत. श्रावणात हे काम पंख्याखालीही रेंगाळतं. डबी पुसताना तळातले धातूचे ठिपके विसरायचे नाहीत. त्यांच्यावर धूळ बसली की बड चार्ज होत नाही, आणि बिचाऱ्या बॅटरीवर भलता आळ येतो. बाकी डबीत काय काय सापडेल याचा नेम नाही. आमच्याकडे एकदा बडीशेप निघाली होती, साखरेच्या पाकातली, गुलाबी.

खरी अडचण ब्रशाची. मराठी घरात टूथब्रश मरत नाही, बदलीवर जातो. दातांवरून कलपाच्या वाटीत, तिथून मिक्सरच्या पात्याखाली अडकलेल्या चटणीवर, मग निरांजनांच्या नक्षीत, शेवटी सायकलच्या साखळीवर. असा मुरलेला, केस फिसकारलेला ब्रश या नाजूक कामाला चालत नाही. इथे नवा लागतो, लहान बाळाचा असतो तसा मऊ. दातांचं तोंडही न बघता थेट या खात्यात रुजू झालेला आमच्या घरातला हा पहिलाच ब्रश, आणि बेसिनवरचे बाकीचे ब्रश त्याच्याकडे जरा तिरकेच बघत असावेत.

पूर्वी या खात्यात कानकोरणं होतं. एका कडीत दातकोरणं, कानकोरणं आणि चिमटा असा चांदीचा संच खुंटीला लटकलेला असायचा, आणि घरातले सगळे तो बिनदिक्कत वापरायचे. आता डॉक्टर कानात काडी घालू देत नाहीत, आणि माणसं कंगवा देतील, टॉवेल देतील, एका ताटात जेवतील, पण ‘तुझे बड्स दे जरा’ म्हटलं की क्षणभर गप्प होतात.

दुसऱ्याच्या कानातली वस्तू मन लावून साफ करणारं एकच माणूस मी पाहिलं, ती माझी आजी. आजोबांचं कानाचं मशीन जुन्या पद्धतीचं होतं. बंडीच्या खिशात डबी, डबीत पेन्सिल सेल, तिथून कानापर्यंत गेलेली वायर आणि टोकाला त्यांच्याच कानाच्या मापानं घडवलेला गुलाबी तुकडा. जगातल्या सगळ्या आवाजांच्या वर आपल्याला आपल्या बंडीची सळसळ ऐकू येते, असं ते म्हणायचे. रोज रात्री आजी तो तुकडा सुटा करायची, कोमट साबणाच्या पाण्यात चोळायची, भोकात अडकलेला थेंब फुंकरीनं उडवायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यावर पालथा घालायची. देवाची उपकरणी घासतानासुद्धा ती इतकी सावकाश नसे. सकाळी मशीन कानात गेलं की तिचं ‘अहो, ऐकलंत का’ सुरू व्हायचं. दुधाचा हिशेब, धाकट्या जावेचं दुखणं, माळ्यावरची गळती. थोड्या वेळानं आजोबांचा हात हळूच छातीशी जायचा. आलेल्या पाहुण्याला वाटायचं, म्हातारा हळवा झाला. आम्हा मुलांना माहीत होतं की अंगठा डबीच्या चाकावर आहे. आजीलाही माहीत असणार. कारण चाक फिरलं की ती थांबत नसे, फक्त विषय बदलायची. माहेरची विहीर, चौथीत सुटलेली शाळा, पहिल्या बाळंतपणात कुणी काय बोललं होतं ते. आजोबा समजूतदारपणे मान हलवत राहायचे. आणि रात्री पुन्हा कोमट पाणी, साबण, फुंकर.

परवा मुलीचे बड्स फ्रिजवर पडलेले दिसले. उजवा हळू वाजतो म्हणून ती नवे मागवायच्या बेतात होती. मी टॉर्च लावून बसले. संध्याकाळी तिनं ते कानात घातले, डोळे मोठे केले आणि म्हणाली, “आई, कसले क्लिअर झालेत! आता तू कितीही हाका मार, मला काही ऐकू यायचं नाही.” दार लावून ती आत गेली. मी ब्रश झटकून वाळत ठेवला, पानं घेतली आणि तिला ‘जेवायला ये’ असा मेसेज टाकला. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं, ‘पाच मिनिटं’.