नव्वदचा पाढा

जगप्रवासासाठी नवराबायकोने एकदम राजीनामे द्यायची हौस आता बोरिवली-मुलुंडच्या सोसायट्यांतही शिरली आहे. इन्स्टावर ‘बेड्या तोडल्या’ असं जाहीर करायचं असतं. युरोपला जायचं तर शेंगेन व्हिसासाठी मात्र बेड्याच दाखवाव्या लागतात: पगाराच्या स्लिपा, आयटी रिटर्न, बँक स्टेटमेंट आणि रजा मंजूर असल्याचं कंपनीचं पत्र. थोडक्यात, नोकरी सोडून फिरायला आधी नोकरी लागते.

त्यात नव्वदचा पाढा. आयटीतल्या बऱ्याच कंपन्यांत नोटीस पिरियड 90 दिवसांचा. शेंगेनमध्ये राहता येतं 180 दिवसांत फार तर 90 दिवस. आणि जून 2024 पासून व्हिसाची फी मोठ्या माणसाला 90 युरो. (हा योगायोग ज्योतिषांच्या नजरेतून कसा सुटला?)

पुलं आणि सुनीताबाई विलायतेला गेले ते पुलं आकाशवाणीत असताना, बीबीसीतल्या प्रशिक्षणासाठी. ‘अपूर्वाई’ हे प्रवासवर्णन त्यातूनच आलं, राजीनाम्याशिवाय.

घाटकोपरच्या वन-बीएचकेचा हप्ता मात्र तुम्ही प्रागमध्ये असलात तरी ठरल्या तारखेला कापला जातो. त्याला व्हिसा लागत नाही. तेव्हा नोकरी जरूर सोडा. फक्त दोघांपैकी एकानेच.