लढाईवर न गेलेली जीप

कोल्हापुरात ज्याच्या दारात नवी गाडी आहे त्याच्याकडे चहाला केव्हाही जावं. जुनी जीप असेल तर मात्र संध्याकाळ मोकळी ठेवूनच जावं. हा माणूस तुम्हाला घरात घेत नाही. "या, या" म्हणत फाटकातच दंडाला धरतो, पोर्चमध्ये नेतो, ताडपत्री ओढतो आणि दोन पावलं मागे सरकून गप्प उभा राहतो. आता बोलायची पाळी तुमची. नुसतं "छान आहे" म्हणालात तर तुम्ही त्याच्या मनातून उतरलात. "कुठलं मॉडेल?" विचारलंत तर बॉनेट उघडतं, आणि ते मिटेपर्यंत चहा येत नाही. घरातल्या बाईंनाही हे पाठ झालेलं असतं. बॉनेट आपटल्याचा आवाज आला की त्या गॅस पेटवतात.

ही जमात हल्ली वाढली आहे. वय साठीच्या पुढे, मुलगा पुण्यात नाहीतर परदेशात, फंडाचे पैसे बँकेत आणि सकाळी फिरायला जाण्याचा मनापासून कंटाळा. आमच्या कॉलनीतला नमुना म्हणजे आप्पा. पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून रिटायर झालेले. अख्खी नोकरी त्यांनी जीपमध्ये बसून काढली, पण चालवायला एकदाही मिळाली नाही. त्या काळी सरकारी जीप ही ड्रायव्हरची असे. साहेबाने डावीकडे बसायचं, एक गुडघा बाहेर काढायचा आणि कालव्याकडे बघायचं. स्टेअरिंगकडे हात गेला की ड्रायव्हर म्हणायचा, "नगं साहेब, क्लच जळंल." तो क्लच आप्पांच्या मनात जळत राहिला. रिटायर झाल्यावर लोक चारधामला जातात. आप्पा भंगारवाल्याकडे गेले.

तिथे बाभळीखाली ती त्यांना दिसली. चाकं नव्हती, टप नव्हता, आत शेळी बांधलेली होती. आप्पांनी शेळी सोडून बाकीचा व्यवहार केला. त्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "शेळी आणली असती तर निदान दूध तरी मिळालं असतं."

पुढचं सगळं मिस्त्रींनी केलं, हे आप्पा सोडून सगळ्यांना माहीत आहे. मिस्त्री सत्तरीचे, नजर अधू, कान मात्र शाबूत. टॅपेट सेट करताना फीलर गेज हातात असतं, पण ते आप्पांच्या समाधानासाठी. खरं माप ते इंजिनाला कान लावून घेतात. "अजून कुजबुजतंय," म्हणाले की आप्पा मान डोलवतात. आप्पांना काहीही ऐकू आलेलं नसतं.

गाडी 'सीजे-थ्री-बी', १९६४ची. आमच्याकडे हिला 'हाय बॉनेट' म्हणतात आणि त्याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज कंपनीच्या जीपचं इंजिन साठ हॉर्सपॉवरचं. पुढे कंपनीने 'हरिकेन' नावाचं पंचाहत्तर हॉर्सपॉवरचं काढलं, त्यात इनटेकचे व्हॉल्व्ह ब्लॉकमधून उचलून वर हेडमध्ये नेले. एक्झॉस्टचे राहिले खालीच. इंजिन उंच झालं, ते जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून बॉनेटच उंच केलं. जिने जगातल्या सगळ्यात देखण्या गाडीला टेंगूळ आणलं ती ही तडजोड. आप्पांसमोर हे बोलायची सोय नाही. त्यांच्या मते हे टेंगूळ नसून कपाळ आहे.

"सगळी ओरिजिनल आहे," आप्पा प्रत्येकाला सांगतात. बॉडीचा बराचसा पत्रा उद्यमनगरात नवा ठोकून घेतला. पिस्टन कुर्ल्याहून आले, गिअरबॉक्स दिल्लीच्या मायापुरीतून. मधल्या कुठल्यातरी मालकाने परवडावं म्हणून डिझेल इंजिन बसवलं होतं, ते काढून पेट्रोलचं शोधून आणलं. सीटा, टप, वायरिंग, दिवे, सगळं नवं.

"मग आप्पा, ओरिजिनल काय?"

"चासी!"

"तिला वेल्डिंग केलेलं दिसतंय."

"तीनच ठिकाणी."

याच आप्पांना हरियाणातल्या डबवालीच्या जीपांचा भयंकर तिटकारा. डबवालीच्या मंडईत कारागीर जुन्या सांगाड्यांवरून चकचकीत जीपा बनवतात, देशभरातून गिऱ्हाईक तिथे जातं. "ती कापून जोडलेली असते हो," आप्पा नाक मुरडतात. आपलीही कापून जोडलेली आहे. पण ती कोल्हापुरात कापलेली आहे, हा फरक त्यांना पुरतो.

बॉनेट उघडलं की इतिहास सुरू होतो आणि सत्यनारायणाच्या कथेसारखा तो मध्येच सोडून उठता येत नाही. १९४०मध्ये अमेरिकन लष्कराने नमुना गाडी तयार करायला जेमतेम सात आठवडे दिले. पेन्सिल्व्हेनियातल्या बॅन्टम नावाच्या छोट्या कंपनीने ती वेळेत करून दाखवली, आणि मोठी कंत्राटं गेली विलीज आणि फोर्डकडे. इथे आप्पा हळवे होतात. आराखडा आपण करायचा आणि कोनशिलेवर नाव दुसऱ्याचं, हे त्यांनी खात्यात भोगलेलं आहे. मग मुंबई. १९४५ची 'महिंद्रा अँड मोहम्मद'. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८मध्ये कंपनी 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली आणि त्यानंतर माझगावला अमेरिकेहून आलेल्या सुट्या भागांच्या विलीज जोडल्या जाऊ लागल्या. लंडनमध्ये कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी केलेल्या खरेदीवरून गाजलेला १९४८चा जीप घोटाळाही आप्पा अभिमानानेच सांगतात. स्वतंत्र भारताचा पहिला मोठा घोटाळा आपल्या गाडीच्या नावावर आहे, ही गोष्ट लहान नाही.

इथपर्यंत सगळं खरं. पुढे मात्र आप्पा आवाज खाली आणतात.

"पासष्टच्या लढाईत जीपांनी काय काम केलं, ठाऊक आहे ना?"

ठाऊक असतं. हवालदार अब्दुल हमीद यांनी असल उत्तरला जीपवर चढवलेल्या रिकॉइललेस तोफेने पॅटन रणगाडे उडवले, तिथेच ते धारातीर्थी पडले, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आप्पा ही हकीकत सांगताना हात अलगद स्वतःच्या मडगार्डवर ठेवतात. आपली जीप तिथे होती असं ते कधीही म्हणत नाहीत. नव्हती असंही म्हणत नाहीत. मी आजवर महाराष्ट्रात जेवढ्या दुरुस्त केलेल्या जीपा पाहिल्या त्या सगळ्या या पद्धतीने पासष्टच्या लढाईत होत्या.

तेवढ्यासाठीच आप्पांनी बॉनेटवर पांढरा तारा काढून घेतला आहे. तो दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैन्याचा. मागे जेरीकॅन लटकतो, रिकामा. त्याचा आराखडा मुळात जर्मन सैन्याचा. बाजूला फावडं बांधलंय, ते काकू अळूच्या वाफ्यासाठी सोडवून नेतात. तेव्हा एकाच गाडीवर अमेरिका, जर्मनी आणि अळू अशी तिन्ही सैन्यं एकत्र नांदतात. एकदा पुण्याहून आलेल्या नातवाने जाळीच्या फटी मोजल्या. "आजोबा, सात आहेत. महायुद्धातल्या जीपला नऊ असतात. सात म्हणजे सिव्हिलियन." आप्पांनी त्याला ताबडतोब आइस्क्रीम खायला पाठवलं.

रंगाचं प्रकरण आणखी नाजूक. मोटार वाहन नियमांप्रमाणे संरक्षण खात्याची सोडून कुठलीही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवता येत नाही. आप्पांची जीप ऑलिव्ह ग्रीनच आहे, पण ते तिला 'शेवाळी' म्हणतात. पासिंगला नेली तेव्हा उन्हात उभी करू दिली नाही. सावलीत ती जरा जास्त शेवाळी दिसते.

आणि हा रंग चढवण्याआधी खाली काय निघालं, ते मी स्वतः पाहिलंय. मिस्त्री बाजूचा जुना पत्रा पॉलिश पेपरने घासत होते. आधी भगवा निघाला, कुठल्यातरी निवडणुकीचा. त्याखाली निळा, तो बहुधा त्याच्या आधीच्या निवडणुकीचा. त्याखाली करडा, आणि त्या करड्यावर पांढऱ्या स्टेन्सिलची अर्धवट अक्षरं: '...ती खाते'. शाळकरी पोर जसं गाळलेल्या जागा भरतं तशी ती जागा मनात भरत आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण आप्पांनी "घासा, घासा" म्हणून घाई केली. आरसी बुकातही तेच आहे. पहिला मालक: एक सहकारी साखर कारखाना, शेती खाते. म्हणजे ही जीप पासष्टच्या लढाईत उसाच्या फडात होती.

मला विचाराल तर ही काही मान खाली घालायची गोष्ट नाही. डांबरी सडक तालुक्यापाशी संपत होती तेव्हा चिखलातून फडापर्यंत हीच जायची. शेती अधिकारी पुढे, स्लिपबॉय मागच्या फळकुटावर, मांडीवर तोडणीच्या पावत्यांची पिशवी. आपला ऊस कधी जाणार, हे शेतकऱ्याला तिच्या आवाजावरून कळायचं. सणासुदीला तीच संचालकांच्या पाहुण्यांना ज्योतिबाला न्यायची, निवडणुकीत तिच्यावर कर्णे चढायचे, अडल्या बाईला रात्री दवाखान्यात पोचवायला तीच मागायला लोक जायचे. आमच्या भागातल्या कितीतरी मंडळींचा पहिला मोटारप्रवास असल्याच एखाद्या जीपच्या मागच्या फळकुटावर झाला आहे. रणगाडा तिने एकही उडवला नसेल, पण गाळपाचे किती हंगाम तिने पार पाडले असतील.

एवढी डोंगर चढणारी गाडी घेऊन आप्पा जातात कुठे? सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला, गणपतीत मिरवणुकीला, लग्नसराईत वरातीला. दर रविवारी "मसाई पठारावर घालायची आहे एकदा" असं म्हणतात आणि रंकाळ्याला एक चक्कर मारून परत येतात. ॲव्हरेज विचारलेलं त्यांना खपत नाही. स्टेअरिंगला प्ले इतका की कागलला वळायचं तर गोकुळ शिरगावपासूनच फिरवायला घ्यावं लागतं.

फक्त मागच्या पावसाळ्यात गंमत झाली. पाइपलाइनसाठी कॉलनीचा रस्ता खणलेला, वर दोन दिवसांची झड. शेजारच्या बँकवाल्यांची नवी उंच गाडी चरात बसली. जाहिरातीत ती कडे चढते, पण फिरतात तिची पुढचीच चाकं. सगळे जमले. आप्पा लुंगीवर बाहेर आले, जीप काढली, सुंभ बांधला. एक दांडी ओढली, पुढची चाकं जोडली गेली. दुसरी ओढली, लो गिअर पडला. इंजिनाने आवाज चढवला नाही, चाकं जागच्या जागी फिरली नाहीत. पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीने जीप निघाली आणि मागून बावीस लाख रुपये चिखलातून मुकाट्याने वर आले. टाळ्या पडल्या. मिस्त्री नेमके तिथे नव्हते, आणि त्यानंतर ती दांडी परत जाईना. कॉलनीला लो गिअरमध्ये चार फेऱ्या झाल्या, काकूंनी चालता चालता छत्री आणून दिली, तेव्हा कुठे मिस्त्री आले. त्यांनी दांडीला एक गुद्दा दिला, आणि ती सुटली.

सध्या आप्पांना 'व्हीए' नंबरप्लेटचे डोहाळे लागले आहेत. २०२१च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिनात फेरफार नको. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. दुसरी अट आप्पा आत्ताच तंतोतंत पाळतात. पहिलीबद्दल त्यांचं उत्तर तयार आहे, ते म्हणजे चासी.

आप्पा आणि गावोगावच्या आप्पांना माझी एक विनंती आहे. तो तारा खरवडून काढा. बाजूच्या पत्र्यावर कारखान्याचं नाव लिहा, खाली 'शेती खाते' आणि ज्या गटात ती फिरली त्या गटाचा नंबर. बघायला येणाऱ्यांत असल उत्तरला गेलेला कुणी सापडणार नाही, पण तिच्या फळकुटावर बसलेला एखादा म्हातारा नक्की निघेल, आणि त्याच्याकडे आप्पांपेक्षा जास्त गोष्टी असतील. खर्चाचीही काळजी नको. करडा रंग शेवाळीपेक्षा महाग पडत नाही, आणि तो लावला तर पासिंगला सावली शोधावी लागत नाही.