बिबट्याला सभासद करून घ्या

आमची सरकारदरबारी एक नम्र सूचना आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या बिबट्यांना सहकारी साखर कारखान्याचे रीतसर सभासद करून घ्यावे. पात्रतेबद्दल शंका नको. कुकडीचे पाणी आले, ऊस आला, उसात डुकरे आली, वस्तीवर कुत्री-शेळ्या होत्याच. बिबट्याने सगळ्या योजनांचा लाभ घेतला, तोही एकाही पुढाऱ्याची चिठ्ठी न आणता. तोडणीच्या हंगामात कोयत्यासमोर डोळेही न उघडलेली पिल्ले सापडतात. वनखात्याची माणसे ती क्रेटमध्ये ठेवून अंधार पडल्यावर त्याच जागी मांडतात, आणि आई येऊन एकेकाला मानेला धरून उचलून नेते. कुठे? शेजारच्या, अजून उभ्या असलेल्या फडात. इतकी ऊसनिष्ठा किती संचालकांत सापडेल?

तरी गावाचा ठराव ठरलेला: जंगलातून आलाय, जंगलात सोडून या. ज्याने आयुष्यात जंगल पाहिलेले नाही, त्याला तिथे माहेरी धाडल्यासारखे धाडायचे! हेही करून झाले आहे. या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर भागातले बिबटे पकडून लांब नेऊन सोडले, तेव्हा जिथे सोडले तिथल्या लोकांवर हल्ले होऊ लागले. आपल्या गावची डोकेदुखी दुसऱ्या गावाला मिळाली, एवढीच काय ती प्रगती.

उलट पुण्या-मुंबईतली मंडळी पाहा. बिबट्याविषयीची त्यांची माया अंतराबरोबर वाढत जाते. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. हा गडी सुमारे १२० किलोमीटर चालत थेट बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. अभ्यासकांनी त्याला ‘आजोबा’ म्हटले, २०१४ मध्ये त्याच्यावर सिनेमाही निघाला. तोवर आजोबा गाडीखाली सापडून मेले होते. म्हणजे मेल्यावर मोठे होण्याची मराठी परंपराही त्यांनी पाळली. आता हाच प्राणी ज्यांच्या ओसरीवर येतो, त्यांच्या लेखी तो नरभक्षक. वन्यजीव संरक्षणाचा कायदा सगळीकडे एकच, १९७२ चा, बिबट्या त्याच्या पहिल्या अनुसूचीत. फक्त तो मुंबईत मोबाइलवर वाचला जातो आणि शिरूरमध्ये रात्री अंगणात.

या हिशेबात न बसणारी माणसेही भेटतात. मुंबईतल्याच आरेतले वारली पाडे बिबट्याच्या वाटेवरच आहेत. तिथे वाघोबाला शेंदूर लागतो, वाघबारशीला नैवेद्य दाखवतात. त्याची वाट कुठली आणि वेळ कुठली, हे पोरांनाही ठाऊक असते. नवस केला की तो चावत नाही, असा त्यांचा भाबडा समज नाही. माणसे तिथेही दगावतात. पण त्याला हाकलून मग सुखाने राहायचे, असा बेत त्यांनी कधी आखला नाही. बेत आखायला सुशिक्षित माणसे लागतात.

असो. २०२५ च्या शेवटाकडे शिरूरच्या पिंपरखेड परिसरात काही दिवसांच्या अंतराने दोन मुले आणि एक म्हातारी बिबट्याने नेली. त्याची चेष्टा करण्याची आमची छाती नाही. लोकांनी महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी पेटवली. मग उपाय सुरू झाले. बिबट्या मान धरतो म्हणून बायाबापड्या गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे घालून खुरपायला जाऊ लागल्या. असले पट्टे आजवर धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात असायचे. आजोबाला मिळाला जीपीएसचा पट्टा, आजीला मिळाला खिळ्यांचा! नागपूरच्या अधिवेशनाच्या वेळी वनमंत्र्यांचा हिशेब आला: एका मृत्यूला २५ लाख, म्हणजे चार मृत्यूंना एक कोटी; त्यापेक्षा कोटीच्या शेळ्याच जंगलात सोडू, बिबटे बाहेर येणार नाहीत. गणित चोख आहे. फक्त बिबटे जंगलात नाहीत, उसात आहेत, एवढी बारीक अडचण.

बिबट्याची नसबंदी, पिंजरे, ड्रोन यांवर बैठका होतात. ऊस मात्र कोणत्याही बैठकीत आरोपी म्हणून हजर होत नाही, कारण बैठकीचा चहा त्याच्याच साखरेचा. आणि कृषिपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीची. शेतकरी मोटर चालू करायला निघतो तीच बिबट्याचीही कामाची वेळ. दिवसा थ्री फेज द्या म्हणून शेतकरी किती वर्षे ओरडतो आहे. उत्तर येते: जरा दम धरा, शेळ्या निघाल्यात.